बॅटरी, पाणी आणि नागपूरचं ऊन : मॉड्युलर फोनमागची पार्श्वभूमी

मॉड्युलर फोनची गोष्ट बहुतेक ठिकाणी २०१३च्या सप्टेंबरपासून सांगितली जाते. एका डच डिझायनरच्या छोट्या व्हिडिओत फोन म्हणजे एक पाटी होती आणि तिच्यावर कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर, स्पीकर असे सुटे ठोकळे खोचलेले होते. बिघडेल तो ठोकळा काढायचा, नवा बसवायचा. दुसऱ्याच महिन्यात याच धर्तीचा ‘प्रोजेक्ट आरा’ जाहीर झाला आणि २०१६च्या सप्टेंबरमध्ये तो गुंडाळला गेला. त्याच वर्षी एलजी जी५ बाजारात आला होता. त्याचा खालचा भाग ओढला की बॅटरी बाहेर यायची आणि तिथे कॅमेऱ्याची ग्रिप जोडता यायची. पुढच्या वर्षीच्या जी६मध्ये यातलं काही उरलं नाही. पाठीला चुंबकाने भाग चिकटवणारा मोटो झेड त्यापेक्षा थोडा जास्त टिकला, पण वाट तीच.

पण खरी सुरुवात त्याच्याही आधीची आहे आणि ती आपल्या ओळखीची आहे. २००७च्या ऑगस्टमध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीबद्दल इशारा निघाला. एका पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्जिंगच्या वेळी जास्त तापू शकतात, असं त्यात म्हटलं होतं. भारतभर घबराट पसरली. पण उपाय काय होता? मागचं झाकण सरकवायचं, बॅटरी काढायची, तिच्यावरचा क्रमांक बघायचा आणि सदोष निघाली तर फक्त बॅटरी बदलून घ्यायची. फोन खिशातच. नऊ वर्षांनी, २०१६मध्ये, गॅलेक्सी नोट ७च्या बॅटऱ्या पेट घेऊ लागल्या तेव्हा सुमारे २५ लाख फोन अख्खेच्या अख्खे परत मागवावे लागले आणि शेवटी ते मॉडेलच बंद झालं. दोन्हीकडे दोष बॅटरीचा होता. फरक इतकाच की दुसऱ्या फोनमधून ती हाताने निघत नव्हती. मला या साऱ्या वादातला हाच सर्वांत मोठा धडा वाटतो आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

ठोकळ्यांचं स्वप्न का मोडलं, हे थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक सांध्याला कनेक्टर लागतो, कनेक्टरला जागा लागते, आणि तेवढी जागा बॅटरीतून कापली जाते. प्रत्येक ठोकळ्याला स्वतःचं कवच लागतं, म्हणून फोन जाड होतो. संपर्काच्या टोकांना सोन्याचा मुलामा द्यावा लागतो. म्हणजे कमी कचऱ्यासाठी बनवलेला फोन कारखान्यातून निघतानाच थोडं जास्त साहित्य घेऊन निघतो आणि तो भार फोन पुरेशी वर्षं वापरला गेला तरच फिटतो. शिवाय प्रोसेसर बदलायची हौस फार थोड्यांना होती. लोकांचे फोन बंद पडत होते ते स्क्रीन फुटल्याने, चार्जिंग जॅक ढिला झाल्याने आणि बॅटरी बसल्याने.

हे नीट ओळखलं ते फेअरफोन या डच कंपनीने. २०१३चा पहिला फोन मॉड्युलर नव्हताच. त्याचा भर खाणींवर होता: कथील, टँटलम, टंगस्टन, सोनं कुठून येतं यावर. २०१५च्या अखेरीस आलेल्या फेअरफोन २ची स्क्रीन दोन खिट्ट्या सरकवून, कुठलंही हत्यार न लावता निघायची. २०१९च्या फेअरफोन ३मध्ये स्क्रीनला तेरा स्क्रू आले, सोबत डब्यातच छोटा स्क्रूड्रायव्हर आला, आणि बॅटरी मात्र नखाने उचलता यायची. पुढच्या वर्षी ३ प्लस आला तेव्हा त्याचा नवा कॅमेरा जुन्या ३मध्येही बसत होता. भाग बदलून फोन सुधारण्याची जी काही उदाहरणं बाजारापर्यंत पोहोचली, त्यांतलं हे सर्वांत प्रामाणिक. २०२१च्या फेअरफोन ४ने इअरफोनचं भोक काढून टाकलं आणि त्याच सुमारास त्याच कंपनीचे वायरलेस इअरबड्स आले. टिकाऊपणाची भाषा बोलणाऱ्यांनी स्वतःची छोटी बॅटरी असलेली, लवकर फेकली जाणारी वस्तू पुढे करावी, याचा राग चाहत्यांना अजून आहे. तो राग मला रास्त वाटतो.

२०२३च्या फेअरफोन ५मध्ये आणखी एक निर्णय झाला. तो दिसत नाही, पण मोलाचा आहे. फोनसाठीची नेहमीची चिप न घेता कारखान्यांतल्या उपकरणांसाठी बनणारी चिप घेतली गेली, कारण तिला चिप बनवणारी कंपनी जास्त वर्षं अपडेट देते. पहिल्या फेअरफोनला हा आधार नव्हता आणि २०१७मध्ये त्याचा पाठिंबा संपला. दुसऱ्याला सात वर्षं जगवलं, पण त्यासाठी फार खटपट करावी लागली. गंमत अशी की २०२३चा पिक्सेल ८ आणि २०२४चा गॅलेक्सी एस२४ यांनीही सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं, आणि ते दोन्ही फोन गोंदाने बंद केलेले आहेत. सॉफ्टवेअर २०३०-३१पर्यंत आणि बॅटरी मात्र चार-पाच वर्षांची. इथून पुढचा सगळा वाद या दरीचा आहे.

२०२५च्या जूनमध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या फेअरफोनमध्ये मागचं झाकण स्क्रूने बसतं आणि बॅटरीही स्क्रूनेच. नखाने निघणारी बॅटरी गेली. बदलता येते, पण प्रवासात दुसरी बॅटरी खिशात ठेवून पटकन बदलण्याचा प्रकार संपला. नेमक्या त्याच महिन्यात, २० जून २०२५ला, युरोपात फोन आणि टॅब्लेटसाठीचा इकोडिझाइन नियम, म्हणजे वस्तू टिकाऊ आणि दुरुस्त करता येईल अशी बनवण्याचा नियम, लागू झाला. या नियमातल्या एका तरतुदीवर इथे जरा थांबायला हवं, कारण तिच्याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे.

‘२०२७पासून युरोपात सगळ्या फोनच्या बॅटऱ्या काढता येणार’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्याचं मूळ वेगळ्या कायद्यात आहे. २०२३चा युरोपचा बॅटरी कायदा म्हणतो की १८ फेब्रुवारी २०२७पासून छोट्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता आली पाहिजे. फोनना मात्र इकोडिझाइनचा नेमका नियम लागतो आणि त्यात दोन रस्ते आहेत. पहिला सरळ: बॅटरी ग्राहकाला साध्या हत्याराने किंवा हत्याराशिवाय बदलता यावी. दुसरा असा: बॅटरीने ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर किमान ८३ टक्के आणि १००० वेळांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखली, शिवाय फोन धूळरोधी असला आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकला, तर बॅटरी फक्त कारागिरानेच बदलली तरी चालेल. म्हणजे महागडे, गोंदाने बंद केलेले फोन दुसऱ्या रस्त्याने आहेत तसेच पुढे जाऊ शकतात.

या दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं टाकाऊ नाही. फोन पाण्यात पडून मरतात, हे खरं. हजार चार्ज टिकणारी एक बॅटरी ही दोनदा बदललेल्या कमकुवत बॅटरीपेक्षा कमी खनिजं खाते, हेही खरं. पण पाणी आणि काढता येणारी बॅटरी या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत, असं जे गृहीत धरलं जातं ते खरं नाही. २०१४च्या गॅलेक्सी एस५चं मागचं झाकण हाताने निघायचं, आत रबरी गॅस्केट होतं आणि फोनला धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं आयपी६७ मानांकन होतं. २०२४च्या फेब्रुवारीत भारतात आलेला गॅलेक्सी एक्सकव्हर ७ आयपी६८ आहे आणि त्याची ४०५० एमएएचची बॅटरी बदलता येते. मोबदला जाडीत आणि वजनात द्यावा लागतो. तो फोन दहा मिलिमीटरहून जाड आहे आणि वजन साधारण २४० ग्रॅम. शिवाय तो दुकानात मांडून विकण्यासाठी नाही, कंपन्यांच्या कामगारांसाठी आणला गेला. म्हणजे तंत्र आपल्या देशात आलेलं आहे, फक्त सामान्य ग्राहकासमोर ठेवलेलं नाही.

आणि मग ऊन. लिथियम-आयन बॅटरी फक्त चार्ज-डिस्चार्जने झिजत नाही, ती तापमानानेही म्हातारी होते. उष्णतेत इलेक्ट्रोलाइट आणि इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या नकोशा क्रिया वेगाने होतात, वायू साठतो, बॅटरी फुगते. भरलेली बॅटरी तापली तर जास्तच. फोन शून्य ते ३५ अंशांत वापरावा, असं आयफोनच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. नागपुरात २३ मे २०१३ला ४७.९ अंश नोंदले गेले. तो विक्रम सोडून द्या, पण नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, ४५ अंश इथे बातमी ठरत नाही. त्या उन्हात स्कूटरच्या हँडलवर फोन लावून, नकाशा चालू, डेटा चालू, पॉवर बँकेची वायर लावलेली, असे डिलिव्हरीचे पोरं दिवसभर फिरत असतात. गाड्यांच्या डॅशबोर्डवर आणि डिक्कीत फोन राहतात. युरोपच्या नियमातल्या १००० चार्जची मोजणी प्रयोगशाळेत वीस-पंचवीस अंशांच्या आसपास होते. तिथे मिळालेली सूट अशा उन्हाला काय म्हणून लागू व्हावी? बंदिस्त फोनला ‘टिकाऊ’ म्हणण्याचा आधारच इथे पातळ होतो, हे मी ठामपणे म्हणतो.

नागपूरच्या बर्डी बाजाराच्या गल्ल्यांत दुरुस्तीची दुकानं सॉफ्टवेअर आणि बॅटरीच्या आयुष्यातल्या याच दरीवर चालतात. बॅक पॅनल उचललेला फोन आला की हीट गनने गोंद सैल करायचा, पातळ पत्री घालून काच सोडवायची, फुगलेली बॅटरी न टोचता काढायची. नवी बसवून गोंद लावला तरी कारखान्यातलं पाणीरोधी मानांकन परत येईल याची खात्री कुणी देत नाही. म्हणजे ज्या पाण्यासाठी बॅटरी बंदिस्त केली, ते संरक्षण पहिल्याच बॅटरीबरोबर संपतं. उरलेला फोन मग दोन्हीकडून उघडा.

कारागिरांना फोनमध्ये काय हवं असं विचारलं तर ठोकळ्यांचं स्वप्न त्यात नसतं. फोल्डर, म्हणजे टच आणि डिस्प्लेचा जोड, परवडेल अशा किमतीत मिळावा. फोल्डरची किंमत जुन्या फोनच्या बाजारभावाजवळ गेली की दुरुस्ती तिथेच थांबते. ‘ओरिजिनल’ आणि ‘फर्स्ट कॉपी’ यांत खात्रीने फरक करता यावा. बोर्डाचा नकाशा मिळावा. आणि दुसऱ्या फोनमधून काढलेला अस्सल भाग बसवला तर फोनने तो अनोळखी ठरवून सुविधा बंद करू नयेत. भागांचं असं सॉफ्टवेअरने बांधणं अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४च्या कायद्यात मना केलं. आपल्याकडे त्याची चर्चाही फार थोडी झाली. ग्राहकांची यादी वेगळी: मेमरी कार्ड, दोन खऱ्या सिम, इअरफोनचं भोक, जरा लहान आकार. फेअरफोनची अलीकडची मॉडेलं एक सिम आणि एक ई-सिम घेतात, भोक नाही, कार्ड मात्र चालतं. भारतात तो अधिकृतपणे विकलाच जात नाही. इथे २०२४च्या जुलैत आलेल्या सीएमएफ फोन १चं मागचं कव्हर स्क्रू काढून बदलता येतं, त्यावर स्टँड लावता येतो, आणि बॅटरी आतच बंद. रंग बदलता येतो, झिजणारा भाग नाही. ही उलटी प्राथमिकता आहे.

सरकारी पातळीवर २०२२च्या जुलैत केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅब्लेट, घरगुती उपकरणं, वाहनं ही चार क्षेत्रं तिच्याकडे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू झालं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत, पण त्यांचा जोर भंगार झाल्यावर काय करायचं यावर आहे. ३० जानेवारी २०२४ला फोनच्या काही सुट्या भागांवरचं आयात शुल्क १५वरून १० टक्क्यांवर आलं. तो निर्णय कारखान्यांसाठी होता, दुरुस्तीसाठी नाही. २०२४च्या सप्टेंबरमध्ये दुरुस्तीयोग्यता निर्देशांकासाठी दुसरी समिती नेमली गेली आणि तिने २०२५च्या मेमध्ये अहवाल दिला. फोन किती पायऱ्यांत उघडतो, स्क्रू की गोंद, कोणती हत्यारं, सुटे भाग वेळेत मिळतात का, दुरुस्तीची माहिती आणि सॉफ्टवेअर अपडेट, असे निकष त्यात आहेत. गुण कंपनीने स्वतः जाहीर करायचे.

हे निकष युरोपात फोनवर लागणाऱ्या ऊर्जा-लेबलातल्या दुरुस्तीच्या निकषांच्या फार जवळ आहेत. फ्रान्सने २०२१मध्ये आणलेल्या निर्देशांकात सुट्या भागांच्या किमतीला स्वतंत्र गुण होते. युरोपच्या लेबलात ते गळले. बर्डीच्या दुकानात दुरुस्ती होणार की नाही हे किमतीवरच ठरतं, म्हणून आपण फ्रान्सचा धडा घ्यायला हवा होता.

तापमानाचा प्रश्न त्याहून मागे आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनच्या बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाची नोंदणी लागते. ते मानक आग, स्फोट, शॉर्ट सर्किट यांपासूनची सुरक्षितता पाहतं. बॅटरी किती उन्हाळे टिकेल हे त्याचं काम नाही. १००० चार्जची तीच चाचणी ४५ अंशांवर करून तिचा आकडा डब्यावर छापायला लावणं, ही विदर्भ, मराठवाडा, राजस्थान, तेलंगणा यांच्यासाठी सर्वांत उपयोगी मागणी ठरेल. त्यासाठी नवं तंत्र लागत नाही. तापमान नियंत्रित करणाऱ्या पेट्या बॅटरीच्या प्रयोगशाळांत आधीच असतात.