पेटीचा सूर आणि भोपळ्यातली पाती

‘पेटी काय, साहेबाचं वाद्य!’ परवा एका भजनाच्या बैठकीत हे पुन्हा कानावर आलं. हार्मोनियमचं पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँनं १८४२ साली घेतलं, तेवढ्यापुरतं ते खरं आहे. पण पेटीच्या पोटात जी पितळी पाती थरथरते, तिच्या कुळातल्या पात्या आशियात दोन हजारांहून जास्त वर्षं वाजताहेत. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातल्या एका सरदाराच्या थडग्यात अशा पात्यांची वाद्यं सापडली आहेत. आणि त्याच कुळातलं मला सर्वांत आवडणारं वाद्य बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा राज्यात वाजतं. त्याचं नाव सोम्पोतोन.

मलेशियाचं असलं तरी ते मलय लोकांचं वाद्य नाही. मलयांची सेरुनाई वेगळी. मलेशियाच्याच केलांतान राज्यातल्या चामड्याच्या बाहुल्यांच्या सावलीनाट्यात ती वाजते. तिचं नाव फारशी ‘सुरना’वरून आलं आहे आणि आपल्या सनईची ती नात्यातलीच. सोम्पोतोन मात्र साबातल्या कादाझान-दुसुन लोकांचं. तांबुनान भागातलं तिकोलोद हे गाव ते घडवण्यासाठी ओळखलं जातं. शेजारच्या सारावाकमध्ये इबान लोकांकडे त्याचा भाऊबंद आहे, एंकेरुराई.

एक सुकवलेला, लांब मानेचा भोपळा घ्यायचा. त्यात दोन रांगांत बांबूच्या आठ बारीक नळ्या खोचायच्या, वेताच्या चोयट्यांनी बांधायच्या आणि सांधे मधमाश्यांच्या मेणानं बुजवायचे. आठांतल्या सातच वाजतात. आठवी मुकी, जुडगा सारखा दिसावा आणि नीट बसावा म्हणून असते. प्रत्येक वाजणाऱ्या नळीच्या बुडाशी, भोपळ्याच्या आत लपलेली, पोलोद नावाच्या ताडवर्गीय झाडाची एक इवलीशी पाती असते. तिला ‘सोदी’ म्हणतात. सगळी गंमत या पातीत आहे.

सेरुनाईची ताडपत्राची चारपदरी पत्ती किंवा सनईची पत्ती वाजताना मिटते, उघडते, मिटते. तिचे पदर एकमेकांवर आपटतात. सोदी कशावरच आपटत नाही. एका पातळ पट्टीतच तीन बाजूंनी चीर देऊन ती मोकळी केलेली असते आणि आपल्याच चौकटीतून ती आरपार ये-जा करते. पेटीतली पितळी पातीही अशीच मुक्त. दोघींमध्ये फरक एकच: पेटीत पाती चौकटीच्या वर रिव्हेटनं बसवलेली असते, तर सोदी चौकटीच्या पातळीतच असते. एवढ्याशा फरकानं भौतिकशास्त्र उलटंपालटं होतं.

शाळेत आपल्याला बर्नुलीचं तत्त्व सांगतात: वाऱ्याचा वेग वाढला, दाब घटला, पाती ओढली गेली. पण एवढ्यानं पाती एका जागी वाकून स्थिर व्हायला हवी. ती थरथरत का राहते? झोपाळ्याला योग्य क्षणी धक्का दिला तरच तो चालू राहतो, तसं पातीलाही दर फेरीत कुणीतरी योग्य क्षणी ढकलायला हवं.

घरातला नळ झटकन बंद करून पाहा. पाइप धडधडतो, कारण वाहतं पाणी एकदम थांबायला तयार नसतं आणि नळामागे दाब उसळतो. हवेलाही वजन आहे, तीही तशीच वागते. पेटीची पाती भात्याच्या दाबाकडे उचललेली असते. ती चौकटीतल्या फटीकडे जाते तेव्हा वाट अरुंद होते, मागे दाब उसळतो आणि पातीला ती जात असलेल्याच दिशेनं रेटतो. परत येताना वाट रुंदावते, दाब उतरतो, म्हणजे विरोध कमी होतो. जाताना मदत, येताना सूट. म्हणून पाती नळीशिवाय एकटी वाजते.

सोदीचं उलट आहे. वारा तिला फटीपासून दूर, वाऱ्याच्याच दिशेनं ढकलतो. ती परत येऊन वाट मिटू लागली की तोच उसळलेला दाब तिला अडवतो. नुसत्या भोपळ्यात ती लगेच गप्प होईल. तिला वाचवते ती बांबूची नळी. नळीतली हवा आपल्या लयीत खालीवर डोलते आणि तिचा दाब वेगळ्या क्षणी पातीवर परत येतो. पातीची आणि नळीची लय जुळत आली की हा परतीचा धक्का नेमका वेळेवर पडतो. नळीचं भोक बोटानं दाबलं किंवा सोडलं की नळीतल्या हवेची लय बदलते आणि सूर हाती येतो किंवा सुटतो. बोटं खरं तर लय जुळवत आणि मोडत असतात.

पात्या लावण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकाच नियमावर चालते. आमची पेटी दुरुस्त करणारे काका पातीचं टोक खरवडून सूर चढवायचे, बूड खरवडून उतरवायचे. टोक हलकं झालं की थरथर जलद, बूड लवचीक झालं की मंद. ‘शेंग’ या अशाच नळ्यांच्या चिनी वाद्यात पातीच्या टोकाला मेणाचं वजन देऊन सूर उतरवतात. असा खरवडून लावलेला सूर अमुक ४३२ हर्ट्झवर ठेवला तर आजार बरे होतात, असे व्हिडिओ हल्ली फार फिरतात. त्याला कसलाही पुरावा नाही. हर्ट्झ म्हणजे दर सेकंदाला किती फेऱ्या, एवढंच; आणि सेकंद हे माप माणसानं ठरवलेलं आहे, शरीराला त्याची ओळख नाही.

मुक्त पातीच्या अशा पूर्वेकडच्या वाद्याचं चित्र फ्रान्समध्ये १६३६ सालीच मेर्सेन या गणितज्ञाच्या ग्रंथात छापलं गेलं होतं. मुक्त पातीनं युरोप गाजवला तो त्यानंतर दीडशे वर्षांनी.

सोदी चौकटीच्या पातळीत असल्यामुळे तिला वारा कुठल्याही बाजूनं चालतो. वादक श्वास सोडतो तेव्हाही वाजते, आत घेतो तेव्हाही. त्यामुळे सोम्पोतोनचा खालचा अखंड सूर दम घेण्यासाठी तुटत नाही. पेटीची पाती एकाच बाजूच्या वाऱ्याला ओळखते, म्हणून तोच अखंडपणा मिळवायला पेटीच्या पोटात स्प्रिंग लावलेला दुसरा भाता बसवावा लागला.