तुर्किये आणि तुर्की: देश कोणता, भाषा कोणती

‘ही मालिका मी तुर्कीत पाहिली’ या वाक्यातून नेमके काय समजायचे? बोलणाऱ्या काकूंनी हिंदी डबिंग बाजूला ठेवून मूळ भाषेतली मालिका पाहिली, की त्या लेकीकडे अंकाराला राहायला गेल्या होत्या तेव्हा पाहिली? वाक्य दोन्ही अर्थांनी लागू पडते, कारण आपण एकाच शब्दावर दोन कामे लादली आहेत. मालिकांच्या गप्पांत, बातम्यांच्या पट्ट्यांवर आणि प्रवासवर्णनांत हा घोळ इतक्या वेळा समोर येतो की तो एकदा नीट सोडवून मांडणे मला आवश्यक वाटते.

तुर्की हा शब्द सर्वांना ठाऊक आहे. तुर्किये मात्र अनेकांना नवे नाव वाटते आणि ‘तुर्कीने नाव बदलले’ असे सर्रास लिहिले जाते. २९ ऑक्टोबर १९२३ रोजी प्रजासत्ताकाची स्थापना झाली, तेव्हापासून त्या देशाचे स्वतःच्या भाषेतले नाव हेच आहे. जून २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केले ते इतकेच, की आंतरराष्ट्रीय व्यवहारातही ‘टर्की’ऐवजी हेच नाव वापरायचे. १९९५ साली मुंबईच्या बाबतीत घडले ते याच जातीचे होते. बदलले ते इंग्रजी कागदावरचे नाव, मराठी माणसाच्या तोंडात मुंबई आधीपासून होतीच.

खरी अडचण पुढे आहे. जपानचे ते जपानी, इराणचे ते इराणी, नेपाळचे ते नेपाळी, ही आपली साधी रीत आहे. तुर्क या शब्दाला ‘ई’ लागून झालेला तुर्की हा शब्द त्याच रांगेत बसतो. मराठीत तो मुळात विशेषण आहे आणि भाषेचे नाव आहे. देशाचे नाव म्हणून तो आपल्याकडे रुळला तो मुख्यतः हिंदी बातम्यांच्या वळणाने. २०२२ नंतर तर उलट्या बाजूची चूक सुरू झाली. नवे नाव वापरण्याच्या उत्साहात लोक ‘तुर्किये मालिका’, ‘तुर्किये भाषा’, ‘तुर्किये अभिनेत्री’ असे म्हणू लागले. ‘जपान भाषा’ किंवा ‘इराण अभिनेत्री’ हे कानाला जितके खटकते, तितकेच हेही खटकायला हवे. खुद्द त्या भाषेत देश, माणूस आणि भाषा यांसाठी तीन वेगळे शब्द आहेत आणि आपल्याकडेही ते तयार आहेत: देश तुर्किये, माणूस तुर्क, भाषा आणि विशेषण तुर्की. एवढे पाळले की काकूंचे वाक्य लगेच सुटते. मूळ भाषेत पाहिली असेल तर ‘तुर्कीत’, त्या देशात राहून पाहिली असेल तर ‘तुर्कियेत’.

ऐतिहासिक मालिकांच्या बाबतीत ही चूक दुप्पट होते. ‘दिरिलिश: एर्तुग्रुल’ ही मालिका २०१४ ते २०१९ या काळात तिथल्या सरकारी वाहिनीवर चालली आणि तिची कथा तेराव्या शतकातली आहे. तिच्यातल्या योद्ध्यांना ‘तुर्किये सैनिक’ म्हणणे व्याकरणाने चूक आहेच, शिवाय ज्या प्रजासत्ताकाचे नाव आपण त्यांना चिकटवतो ते उभे राहायला अजून सहाशेहून अधिक वर्षे बाकी होती. ते तुर्क होते, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

तुर्किये शब्दाला प्रत्यय कसे लावायचे, असेही विचारले जाते. पुणे-पुण्यात या चालीवर ‘तुर्कियात’ करू नये. परदेशी नावांना ती चाल लागत नाही. झिम्बाब्वेत, झिम्बाब्वेचा म्हणतो तसेच तुर्कियेत, तुर्कियेचा म्हणावे.

उच्चाराबद्दल थोडक्यात सांगता येते. पहिला स्वर ओठ गोल ठेवून ‘इ’ म्हटल्यासारखा आहे आणि देवनागरीत त्याला चिन्ह नाही, म्हणून ‘तुर्किये’ हे लेखन मला पुरेसे वाटते. ‘टर्किये’ मात्र मला मुळीच मान्य नाही. त्या भाषेतला ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, तो आपल्याजवळ असताना इंग्रजीच्या वाटेने ‘ट’ आणण्याचे काहीच कारण नाही. पात्रांच्या नावांतही हेच होते. रोमन लिपीतला ‘सी’ तिथे ‘ज’ असतो, त्यामुळे आपण ज्या नायकाला ‘कॅन’ म्हणतो त्याचे नाव जान आहे. आणि डोक्यावर चंद्रकोर असलेला ‘जी’ स्वतः उच्चारला न जाता आधीचा स्वर लांबवतो, म्हणून एर्तुग्रुलचा उच्चार ‘एर्तूरुल’ असा होतो.

राहिला तुर्कस्तान. या देशासाठी मराठीने हे नाव दीर्घकाळ वापरले आहे आणि जुन्या लेखनात ते तसेच राहावे, असे माझे मत आहे. नव्या लेखनात मी ते टाळतो, कारण तुर्किस्तान हे मध्य आशियातल्या विस्तीर्ण प्रदेशाचे ऐतिहासिक नाव आहे. कझाकस्तानात त्याच नावाचे शहरही आहे आणि तैमूरच्या आज्ञेने बांधलेली सूफी संत अहमद यसवी यांची कबर तिथेच आहे. एका वेलांटीच्या फरकाने वाचक इस्तंबूलऐवजी कझाकस्तानात पोहोचतो.