मूळ स्थान राखून यादी क्रमवार लावणे (पायथन)

पायथन या संगणकीय भाषेत मूल्यांची यादी चढत्या किंवा उतरत्या क्रमाने लावताना प्रत्येक मूल्य आधी कितव्या जागी होते ही माहितीही राखण्याची पद्धत. बेळगावच्या बाजारात बटाट्याचे लॉट ज्या ओळीने उतरले त्याच ओळीने त्यांचे क्विंटलचे दर नोंदले आहेत, असे समजा: २१००, १८५०, २४००, १८५०. क्रम लावून नवी यादी देणारे ‘सॉर्टेड’ नुसते चालवले तर दर ओळीत बसतात. पण कोणता दर कोणत्या शेतकऱ्याच्या मालाचा हे कळेनासे होते, आणि तसा हिशेब कुणाच्याच कामाचा नाही.

उपाय असा की दरांऐवजी त्यांच्या जागाच क्रमाने लावायच्या. ‘लेन’ (यादीची लांबी) आणि ‘रेंज’ (शून्यापासूनचे आकडे) वापरून ० ते ३ ही स्थाने घ्यावीत आणि ‘सॉर्टेड’च्या ‘की’मध्ये, म्हणजे क्रम कशावरून लावायचा ते सांगण्याच्या जागी, स्थान दिले की तिथला दर परत करणारे लॅम्डा फंक्शन (एका ओळीचे बिननावी फंक्शन) द्यावे. उत्तर येते १, ३, ०, २. मूळ यादीला हात लागत नाही. स्थान व दर जोडीने हवे असल्यास तशा जोड्या करून देणारे ‘एन्युमरेट’ वापरून ‘की’मध्ये जोडीतला दुसरा घटक द्यावा. पायथन शून्यापासून मोजते, वहीतला अनुक्रमांक एकपासून असतो. तेव्हा ‘एन्युमरेट’चा ‘स्टार्ट’ (मोजणीची सुरुवात) १ ठेवलेला बरा.

आधी क्रम लावून मग ‘इंडेक्स’ने (मूल्य पहिल्यांदा जिथे सापडते ती जागा देणाऱ्या क्रियेने) मूळ यादीतली जागा शोधणे ही नेहमीची चूक. १८५० दोनदा आहे, पण ‘इंडेक्स’ दोन्ही वेळा १ हेच स्थान देते आणि चौथा लॉट हरवतो. शिवाय प्रत्येक दरासाठी यादी पुन्हा चाळावी लागते, त्यामुळे मोठ्या यादीत वेळ फार जातो. यादीवरची ‘सॉर्ट’ ही क्रिया मूळ यादीच बदलते आणि ‘नन’ (‘काही नाही’ असे मूल्य) परत करते. ते उत्तर त्याच नावात साठवले की यादी गेलीच. बोली न झालेल्या लॉटपुढे ‘नन’ असेल तर तुलना ‘टाइपएरर’ (प्रकार न जुळल्याची चूक) देऊन थांबते.

सारख्या दरांत आधी आलेला लॉट आधीच राहतो. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठी रचलेल्या टिमसॉर्ट या क्रम लावण्याच्या पद्धतीचा हा गुण. उतरत्या क्रमासाठी ‘सॉर्टेड’मध्ये ‘रिव्हर्स’ला ‘ट्रू’ (खरे) दिल्यासही तो टिकतो: २, ०, १, ३. चढते उत्तर नुसते उलटे केले तर मात्र २, ०, ३, १ मिळते. नमपाय या आकडेमोडीच्या पायथन संचातले ‘आर्गसॉर्ट’ही अशीच स्थाने देते, पण त्यात ही हमी हवी असेल तर तसे सांगावे लागते, उदाहरणार्थ ‘काइंड’ला ‘स्टेबल’ लिहून.

स्वस्ताईत प्रत्येक लॉटचा कितवा क्रमांक लागतो हे हवे असेल तर चढत्या क्रमाने मिळालेल्या १, ३, ०, २ या स्थानांच्या यादीवर हीच क्रिया पुन्हा करावी: २, ०, ३, १ (शून्यापासून मोजून). म्हणजे पहिला लॉट स्वस्ताईत तिसरा.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या याद्यांत मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी असतात, आणि तिथे विशेष जपावे लागते. पायथन मजकुराची तुलना युनिकोड क्रमांकाने, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकाने करते. त्यामुळे देवनागरीतली सगळी नावे आधी आणि कन्नड लिपीतली नंतर येतात. दर मजकूर म्हणून वाचले गेले तर ‘९००’ हा ‘१८५०’नंतर बसतो. मजकुराची पूर्ण संख्या करणाऱ्या ‘इंट’ला देवनागरी व कन्नड दोन्ही अंक वाचता येतात, म्हणून ‘की’मध्ये आधी संख्या करून घ्यावी, मात्र ‘२,१००’मधला स्वल्पविराम काढला नाही तर ‘व्हॅल्यूएरर’ (मूल्य वाचता न आल्याची चूक) येतो. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या पाठोपाठ आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. म्हणून ‘मळणी’ हा शब्द ‘मसूर’च्या आधी लागतो, मराठी क्रम हवा असेल तर अक्षरांची स्वतंत्र क्रमयादी करून ती ‘की’ला पुरवावी.