व्हिजन प्रो की क्वेस्ट ३: दिसायला सारखे, कामाला वेगळे

ॲपलचा व्हिजन प्रो आणि मेटाचा क्वेस्ट ३ टेबलावर शेजारी ठेवले, तर नवख्या माणसाला त्यांत फारसा फरक दिसत नाही. दोन्ही डोळ्यांवर घट्ट बसतात, दोन्ही समोरची खोली दाखवून तिच्यात आभासी वस्तू मांडतात, दोन्हींना दुकानदार ‘मिक्स्ड रिॲलिटी हेडसेट’ म्हणतो. बाजारात आले तेव्हा एकाची किंमत ३,४९९ डॉलर होती आणि दुसऱ्याची ४९९. मग साहजिकच हिशेब सुरू होतो, की सातपट पैसे टाकले तर सातपट चांगलं काही मिळेल का? हा हिशेब लागत नाही, कारण दोन्ही वेगळ्या कामाची यंत्रं आहेत. व्हिजन प्रो हा डोक्यावर घालायचा पडदा आणि संगणक आहे, बसून वापरायचा. क्वेस्ट ३ हा डोक्यावर घालायचा गेमिंग कन्सोल आहे, उभं राहून वापरायचा. एक हवा असताना दुसरा घेतला, की तो महिन्याभरात कपाटात जातो, मग तो कितीचाही असो.

एक गैरसमज आधी काढून टाकू. दोन्हींमधून आरपार दिसत नाही. समोर काच दिसत असली तरी डोळ्यांपुढे छोटे पडदे असतात, आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली खोली त्यांवर दिसते. याला पासथ्रू म्हणतात. वीज गेली की खोलीही जाते. व्हिजन प्रोच्या डोक्यावरच्या भागात बॅटरीच नाही. खिशातल्या बॅटरीची वायर फिरवून लॉक करावी लागते, आणि ती निसटली तर डोळ्यांपुढे तत्क्षणी अंधार होतो. म्हणून जिन्यात किंवा गॅससमोर हे घालू नये.

पासथ्रूचा दर्जा मात्र दोघांचा खूप वेगळा आहे, आणि किमतीतला बराचसा फरक इथेच मुरलेला आहे. व्हिजन प्रोमध्ये १२ कॅमेरे आहेत आणि फक्त त्यांचं चित्र हाताळायला आर१ नावाची वेगळी चिप आहे. कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य ती १२ मिलिसेकंदांत पडद्यावर आणते, असं ॲपल सांगते. त्यामुळे कपात चहा ओतताना हात चुकत नाही. क्वेस्ट ३ मध्ये रंगीत चित्रासाठी ४ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे आहेत. तोच कप तोंडाजवळ आणला की त्याची कड लवते, बोटांभोवतीची हवा पाण्यासारखी हलते. कॅमेरे डोळ्यांच्या जागी नसल्यामुळे यंत्राला जवळच्या वस्तूंचं अंतर अंदाजाने ठरवून चित्र ताणावं लागतं, आणि ताणताना ते चुकतं. फोनवरचा मेसेज व्हिजन प्रोमधून वाचता येतो. क्वेस्टमधून फोनचा पडदा पांढराफटक दिसतो. फोनचा ब्राइटनेस निम्म्यावर आणला की अक्षरं जराशी उठतात. पण रात्री एकाच दिव्याच्या उजेडात दोन्हींच्या चित्रात दाणे येतात, आणि मान झटकन वळवली तर व्हिजन प्रोमध्येही चित्र पुसट होतं. जाहिरातीतली लख्ख दिवाणखान्याची खोली संध्याकाळी सातच्या आपल्या घरात मिळत नाही.

आता अक्षरांकडे येऊ. महागडा हेडसेट घेणारे निम्मे लोक ‘मॉनिटरऐवजी हाच वापरीन’ या आशेने घेतात, आणि निराशा इथेच होते. व्हिजन प्रोच्या दोन पडद्यांवर मिळून २.३ कोटी पिक्सेल आहेत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण ते पिक्सेल डोळ्यांपुढच्या जवळपास १०० अंशांत पसरलेले असतात. एका अंशात किती पिक्सेल येतात ते मोजलं की खरं चित्र कळतं. व्हिजन प्रोमध्ये सुमारे ३४ येतात, क्वेस्ट ३ मध्ये २५. आता साधा २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्या. त्याची रुंदी ५३ सेंटीमीटर. ६० सेंटीमीटरवरून बघितलं तर तो सुमारे ४८ अंश व्यापतो. १,९२० ला ४८ ने भागा: अंशाला ४० पिक्सेल. म्हणजे बारीक अक्षरांच्या बाबतीत अगदी साधा मॉनिटरही साडेतीन हजार डॉलरच्या यंत्राच्या पुढे आहे. चांगल्या डोळ्याची क्षमता अंशाला ६० च्या आसपास धरतात.

देवनागरीत हे आणखी जाणवतं. इंग्रजी अक्षर थोडं पुसट झालं तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘मद’ आणि ‘मंद’ यांतला फरक एका वेलांटीवर किंवा ठिपक्यावर उभा असतो. क्वेस्ट ३ मध्ये नेहमीच्या आकाराचा मराठी मजकूर वाचताना रफार आणि अनुस्वार विरघळतात, मग खिडकी मोठी करत न्यावी लागते आणि शेवटी मान फिरवत वाचावं लागतं. व्हिजन प्रोमध्ये हे सुसह्य होतं. तिथे डोळा जिथे रोखलेला असेल तेवढाच भाग यंत्र पूर्ण स्पष्ट रंगवतं. तरी दिवसभर पीडीएफ वाचायच्या असतील, तर त्या पैशांत दोन उत्तम ४के मॉनिटर घ्या आणि उरलेले बँकेत ठेवा, हे आमचं स्पष्ट मत आहे.

पडदा म्हणून व्हिजन प्रो जिथे खरंच उजवा ठरतो, त्या जागा दोन. पहिली सिनेमा. मायक्रो-ओएलईडी पडद्यांमुळे (यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो किंवा विझतो) काळा रंग खराखुरा काळा दिसतो, आणि थ्रीडी सिनेमा थिएटरपेक्षा उजळ दिसतो, कारण प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र पडदा आहे. क्वेस्ट ३ च्या एलसीडी पडद्यावर रात्रीचा प्रसंग राखाडी होतो. दुसरी जागा मॅक. मॅकबुक आणि हेडसेट एकाच ॲपल अकाउंटवर असले आणि दोन्हींचं वायफाय व ब्लूटूथ चालू असलं, की लॅपटॉपकडे बघताच त्याच्यावर ‘कनेक्ट’चं बटण तरंगतं. अंगठा व तर्जनी जुळवून चिमूट केली की मॅकचा पडदा हवेत येतो. डिसेंबर २०२४ च्या अपडेटपासून तो वक्र आणि इतका रुंद करता येतो, की दोन ५के मॉनिटर शेजारी ठेवल्याइतकी जागा मिळते. हॉटेलच्या खोलीत किंवा विमानात याला तोड नाही. विमानात बसल्यावर ट्रॅव्हल मोड मात्र आधी चालू करा. नाहीतर विमान हलतं त्याला यंत्र तुमचंच हलणं समजतं आणि खिडक्या सरकत जातात.

पण आपल्या आयटीतल्या मंडळींनी इथे थांबून विचार करावा. ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा असेल तर ही सोय थेट मिळत नाही, वेगळं रिमोट डेस्कटॉप ॲप लागतं, आणि ते कंपनी बहुधा टाकू देत नाही. ऑफिसचा लॅपटॉप मॅक असला, तरी त्यावर आपला खासगी ॲपल अकाउंट चालेल का, हे आधी विचारा. उलट क्वेस्ट ३ ला विंडोज ११ बरोबर जोडून तीन आभासी मॉनिटर उघडता येतात, पण अक्षरांचं वर सांगितलेलं दुखणं तिथे राहतंच.

चालवण्याची पद्धत वेगळी आहे, आणि सवय लागायला वेळ घेते ती व्हिजन प्रोची. ज्या बटणाकडे बघाल ते निवडलं जातं, आणि अंगठा व तर्जनी जुळवली की दाबलं जातं. अडचण अशी की माउस वापरून वापरून आपले डोळे बोटांच्या आधी पुढे पळतात. ‘सेव्ह’कडे बघून चिमूट करेपर्यंत नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते, आणि भलतंच काही उघडतं. चिमूट पुरी होईपर्यंत नजर रोखून धरायची, एवढंच शिकायचं आहे. दोन-तीन दिवसांत जमतं. हवेतल्या कीबोर्डवर लांबलचक लिहिणं मात्र जमत नाही, ब्लूटूथ कीबोर्ड घ्यावाच लागतो. क्वेस्ट ३ बरोबर दोन कंट्रोलर येतात, प्रत्येकात एक एए सेल. बॅट, तलवार, बंदूक यांसाठी हातात काहीतरी असावं लागतं, हे खेळताना लगेच पटतं. व्यायामाचे आणि नाचाचे खेळ हे क्वेस्टचं घर आहे. त्याला साधारण २ मीटर बाय २ मीटर मोकळी जागा लागते. आपल्याकडे छतही बघा: पंखा खाली असेल तर तो बंद करा आणि कंट्रोलरची दोरी मनगटात अडकवा.

वजनाचे आकडे फसवतात. क्वेस्ट ३ पट्ट्यासकट ५१५ ग्रॅम, बॅटरी आतच. २०२४ चा पहिला व्हिजन प्रो ६०० ते ६५० ग्रॅम, आणि ३५३ ग्रॅमची बॅटरी वेगळी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एम५ चिपचा नवा व्हिजन प्रो आला, त्याच ३,४९९ डॉलरला. तो तर ७५० ते ८०० ग्रॅम आहे, तरी बराच वेळ घालायला अधिक सोपा, कारण त्याच्या नव्या ड्युअल निट पट्ट्यात मागच्या बाजूला टंगस्टनची वजनं घातली आहेत. गालांवरचा भार कमी होतो. जुना व्हिजन प्रो असेल तर नवं यंत्र घेण्याआधी ९९ डॉलरचा तो पट्टा घेऊन बघा, जुन्यालाही बसतो. बॅटरी नव्यात सर्वसाधारण वापराला अडीच तास, व्हिडिओला तीन. क्वेस्ट ३ सव्वादोन तासांच्या आसपास. व्हिजन प्रोच्या बॅटरीला पॉवर बँक जोडून सिनेमा पुरा करता येतो.

चष्मेवाल्यांसाठी: क्वेस्ट ३ मध्ये चेहऱ्याकडची चौकट चार टप्प्यांत बाहेर सरकते, बहुतेक चष्मे आत मावतात. चौकट पुरेशी बाहेर नसेल तर चष्म्याची काच लेन्सला घासते, आणि तो ओरखडा जात नाही. व्हिजन प्रोमध्ये चष्मा चालतच नाही. झाइस कंपनीच्या, चुंबकाने बसणाऱ्या लेन्स घ्याव्या लागतात, नंबराच्या १४९ डॉलर, नुसत्या वाचायच्या ९९. कडक कॉन्टॅक्ट लेन्समुळे नजर टिपण्यात गडबड होऊ शकते.

आणि म्हणूनच घरात चारजणांनी वापरायचं असेल तर क्वेस्ट घ्यावा. चाक फिरवून डोळ्यांमधलं अंतर जुळवलं की झालं. व्हिजन प्रोची चेहऱ्याची गादी एका माणसाच्या मापाची असते, लेन्स त्याच्या नंबराच्या, आणि पाहुण्याला आधी ठिपक्यांकडे बघून नजर जुळवून घ्यावी लागते. दिवाळीला घर भरलेलं असताना सगळ्यांना दाखवू, या विचाराने तो घेऊ नये.

‘अमेरिकेतून येताना घेऊन ये’ हा आपला नेहमीचा मार्ग इथे अडचणीचा आहे. फोन आणला तर चालतो. व्हिजन प्रोचं तसं नाही. ॲपलने तो ज्या देशांत टप्प्याटप्प्याने आणला, त्यांत जपान, सिंगापूर, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, संयुक्त अरब अमिराती आहेत, पण २०२५ अखेरपर्यंत भारत नव्हता. ॲप घ्यायला तो विकला जातो अशा देशाचा ॲपल अकाउंट लागतो, आणि अमेरिकेच्या अकाउंटवर भारतीय कार्ड चालत नाही, गिफ्ट कार्ड भरत राहावं लागतं. पुढची काच तडकली तर ॲपलकेअर (ॲपलची पैसे भरून घ्यायची दुरुस्ती-हमी) नसताना अमेरिकेतला दुरुस्तीचा दर ७९९ डॉलर, इतर मोडतोडीला २,३९९, आणि यंत्र परत तिकडेच पाठवावं लागतं. गादीचं माप आयफोनने चेहरा स्कॅन करून ठरतं, त्यामुळे भावाने स्वतःच्या मापाने घेतलेला तुम्हाला बसेलच असं नाही. मूळ किंमत रुपयांत तीन लाखांच्या घरात जाते, वर अमेरिकेतला विक्रीकर, आणि विमानतळावर ड्युटी-फ्री मर्यादेच्या बाहेर गेल्यामुळे रेड चॅनेल. भारतात राहणाऱ्याने आज व्हिजन प्रो घेऊ नये, असंच आम्ही सांगू. ॲप बनवणं हाच ज्याचा धंदा आहे, तो अपवाद.

क्वेस्ट ३ इथे आयात करून विकणारे पुष्कळ आहेत. बिलावर वॉरंटी कोणत्या देशाची आहे आणि बिघाड झाला तर नग कोण बदलून देणार, हे लिहून घ्या. क्वेस्ट ३ एस हा स्वस्त भाऊ २९९ डॉलरला आला, त्याची चिप तीच आहे, पण लेन्स जुन्या फ्रेनेल पद्धतीच्या, म्हणजे गोल खाचांच्या, आणि पडदा कमी पिक्सेलचा. फक्त खेळायचं असेल तर तो पुरतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन्हींच्या लेन्सवर वाफ धरते, विशेषतः एसीच्या खोलीतून बाहेर आणल्यावर. चालू करून पाच-दहा मिनिटं ठेवा, मग घाला. लेन्स पुसायला कोरडं मायक्रोफायबर, बाकी काही नाही, काच पुसायचा स्प्रे तर मुळीच नाही. आणि खिडकीत लेन्स वर करून ठेवू नका. लेन्स उन्हाचं भिंग बनते आणि पडद्यावर कायमचा डाग पाडते.

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्यांनी मात्र ॲपल स्टोअरमध्ये वेळ ठरवून फुकट मिळणारा अर्ध्या तासाचा डेमो जरूर घ्यावा. चष्म्याचा नंबर बरोबर न्या. ठरलेल्या चित्रफिती झाल्या की ब्राउझर उघडू द्यायला सांगा, एखादं मराठी दैनिक उघडा, खिडकी हातभर अंतरावर लहान ठेवा आणि एक अख्खा लेख वाचा. मग हेडसेट काढून आरशात गालांवरचे वळ बघा. तरीही घेतलात, तर ॲपलच्या दुकानात परत द्यायला १४ दिवस असतात. पहिले दहा दिवस रोज तेच काम त्याच्यावर करा ज्यासाठी घेतला, आणि अकराव्या दिवशी खोकं बाहेर काढायचं की माळ्यावर टाकायचं ते ठरवा.