जीनोम केवढा आणि जीनोम कशाचा

"सर, जीनोम मोठा म्हंजे त्यात जीसी पण जास्तच की ओ?" मालवणहून परतताना गगनबावड्याच्या घाटात एका विद्यार्थ्यानं विचारलं. जीनोम म्हणजे एखाद्या जिवाचा सगळा डीएनए, आणि जीसी म्हणजे त्यातल्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी जी आणि सी यांचं मिळून प्रमाण. दिवसभर समुद्रगवतावर, म्हणजे समुद्राच्या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींवर, बोलणं झालं होतं, आणि आकार व रचना या दोन गोष्टींची त्याच्या डोक्यात पार मिसळ झाली होती.

मिसळीवरूनच सांगतो. ताट केवढं, हा एक प्रश्न. त्यात फरसाण किती आणि मटकी किती, हा दुसरा. ताट मोठं आलं म्हणून फरसाणाचं प्रमाण वाढत नाही.

जीनोमचा आकार म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएच्या अक्षरांच्या किती जोड्या आहेत ते. तो मेगाबेसमध्ये, म्हणजे दहा लाख जोड्यांच्या एककात मोजतात, नाहीतर सरळ वजनात. एक पिकोग्रॅम म्हणजे साधारण ९७८ मेगाबेस. रचना, म्हणजे कोणतं अक्षर किती, ती मात्र टक्क्यांत सांगतात. ए जेवढे तेवढेच टी, जी जेवढे तेवढेच सी, त्यामुळे जीसी ४० टक्के म्हटलं की जी २०, सी २०, ए ३०, टी ३० हे आपोआप कळतं.

दोन्हींचा एकमेकांशी ठरलेला हिशेब नाही. माणसाचा जीनोम सुमारे ३,१०० मेगाबेस, जीसी ४१ टक्के. भाताचा त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा, तरी जीसी किंचित जास्तच. मलेरियाच्या परजीवीचा २३ मेगाबेस आणि जीसी जेमतेम २० टक्के. स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूचा नऊ मेगाबेसच्याही आत, पण जीसी ७२. (वळवाच्या पहिल्या सरीनंतर रानात जो मातीचा वास सुटतो, तो बराचसा याच मंडळींचा.)

आता समुद्रगवत. नावात गवत असलं तरी ते उसाच्या कुळातलं नव्हे; नातं लावायचंच तर ते अळू-सुरणाला जवळचं. झोस्टेरा मरिना या जातीचा जीनोम २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे २०२ मेगाबेस, २०,४५० जनुकं. पाण्याखाली राहायचं म्हणून पर्णरंध्रांची जनुकंच तिनं टाकून दिलीत. भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनियाचा जीनोम मात्र ३,००० मेगाबेसच्या आसपास. राहणी तशीच खाऱ्या पाण्यातली, जनुकांची संख्याही पंधरापट नाही. मग एवढा पसारा कशाचा? बहुतांशी स्वतःच्या नकला काढत जीनोमभर पसरलेल्या तुकड्यांचा. आपल्या शिवारातल्या उसाचा जीनोम तर, एक नव्हे तर सगळे संच धरून, १०,००० मेगाबेसच्या घरात जातो, पण त्याचं कारण वेगळं: त्यात गुणसूत्रांचे अख्खे संचच अनेकदा आलेत.

गोंधळाला खरं कारण प्रयोगशाळेत आहे, त्यामुळे त्या पोराला मी फारसा दोष देत नाही. दोन्ही गोष्टी मोजायला एकच यंत्र वापरता येतं, फ्लो सायटोमीटर. ताजं पान ब्लेडनं द्रावणात बारीक चिरायचं, केंद्रकं मोकळी करायची, रंग द्यायचा आणि चमक मोजायची. शेजारी आकार माहीत असलेली दुसरी वनस्पती ठेवायची. प्रोपिडियम आयोडाइड हा रंग अक्षरांत भेदभाव करत नाही, म्हणून त्याच्या चमकेवरून आकार कळतो. डॅपी हा रंग ए-टीच्या सलग पट्ट्यांना धरतो. दोन्हींच्या फरकातून जीसीचा अंदाज काढतात, आणि तेही साध्या त्रैराशिकानं होत नाही. कुणी नुसत्या डॅपीवर आकार काढला आणि तुलनेच्या वनस्पतीची रचना वेगळी निघाली, तर ए-टी जास्त असलेला जीनोम आहे त्याहून मोठा दिसतो. इथं रचना आकाराच्या आकड्यात गुपचूप शिरते.

टक्क्यांतही एक चकवा आहे. झोस्टेराच्या जीनोममध्ये ६३ टक्के भाग त्या नकला काढणाऱ्या तुकड्यांचा. डबक्यावर तरंगणाऱ्या स्पायरोडेला या डकवीडमध्ये तो १३ टक्के. हीसुद्धा रचनाच म्हणतात, पण हे टक्के तुकड्यांचे आहेत, अक्षरांचे नव्हेत. गाडी कळे गावाच्या पुढं आल्यावर त्यानं वहीत आधी लिहिलेलं खोडलं आणि प्रत्येक टक्क्यापुढं "कशाचे?" असं लिहून ठेवलं.