आपत्तीतले दोन नकाशे : जागेचा आणि निरोपांचा

मोठा भूकंप झाला किंवा पूर आला की स्वयंसेवी संस्थांची दोन आवाहनं इंटरनेटवर फिरू लागतात. एक म्हणतं, ‘नकाशा काढायला हातभार लावा.’ दुसरं म्हणतं, ‘तुमच्याकडे काय घडलंय ते नकाशावर कळवा.’ दोन्हीकडे पडद्यावर नकाशाच दिसतो, त्यामुळे दोन्ही कामं एकच वाटतात. प्रत्यक्षात ती फार वेगळी आहेत आणि गल्लत झाली तर ती अडकलेल्या माणसाला महागात पडते.

पहिला आहे जागेचा नकाशा. रस्ते, पूल, घरं, दवाखाने कुठे आहेत, एवढंच तो सांगतो. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर अशी माहिती कुणालाही भरता येते. ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था आपत्तीग्रस्त प्रदेशाचे लहान लहान चौकोन पाडते. स्वयंसेवकानं एक चौकोन घ्यायचा, उपग्रहचित्र पाहून घरं आणि रस्ते रेखायचे. मग एखादा अनुभवी माणूस ते तपासतो. हे काम हजारो मैलांवर बसूनही होतं.

दुसरा आहे निरोपांचा नकाशा. २००७ च्या अखेरीस केनियातल्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला, तेव्हा लोकांनी कळवलेल्या घटना नकाशावर दाखवण्यासाठी उशाहिदी हे सॉफ्टवेअर तयार झालं. त्यातल्या प्रत्येक पिनमागे, म्हणजे नकाशावर लावलेल्या खुणेमागे, एक माणूस असतो. ‘इथे पाणी नाही’, ‘इथे ढिगाऱ्याखाली कुणीतरी आहे’, असं तो सांगत असतो.

१२ जानेवारी २०१० च्या हैतीतल्या भूकंपात हे दोन्ही नकाशे एकाच वेळी कामाला लागले. ओपनस्ट्रीटमॅपवर तोवर राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे मोजकेच रस्ते होते. उपग्रह कंपन्यांनी ताजी चित्रं खुली करताच देशोदेशीच्या स्वयंसेवकांनी ती समोर ठेवून शहर रेखायला घेतलं. तिकडे हैतीतले लोक ४६३६ या क्रमांकावर मोफत एसएमएस पाठवत होते. बरेचसे क्रिओल भाषेत असलेले ते निरोप परदेशात राहणाऱ्या हैतीयन माणसांनी भाषांतरित केले, आणि जागा शोधून त्यांच्या पिना लावल्या गेल्या. पण एसएमएसमध्ये अक्षांश-रेखांश कोण लिहितं? गल्लीचं नाव आणि जवळची खूण, एवढंच असतं. ती गल्ली जागेच्या नकाशावर असेल, तरच पिन योग्य ठिकाणी पडणार. दुसरा नकाशा असा पहिल्यावर उभा असतो.

जागेच्या नकाशावर घर चुकीचं रेखलं गेलं तर उद्या दुरुस्त करता येतं. निरोप मात्र काही तासांत शिळा होतो. एकाच पडलेल्या इमारतीबद्दल दहा जणांनी कळवलं तर दहा पिना पडतात. त्या तपासायच्या, एकत्र करायच्या, काम झालं की बंद करायच्या, यासाठी चोवीस तास माणसं लागतात. म्हणून माझं ठाम मत आहे : निरोप वाचून प्रत्यक्ष धावून जाणारं पथक आधी ठरलेलं नसेल, तर कोणत्याही संस्थेनं असा नकाशा उघडू नये. ज्यानं हाक मारली, तो कुणीतरी येईल म्हणून वाट पाहत बसतो.

दोन्ही नकाशांवरच्या मोकळ्या जागांचा अर्थही वेगळा, आणि सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते. जागेच्या नकाशावर कोरा भाग दिसला, तर बहुधा तिथे अजून कुणी काही रेखलेलं नसतं. निरोपांच्या नकाशावर पिना नसलेला भाग सुखरूप असेलच असं नाही. तिथले टॉवर पडले असतील, फोनची बॅटरी संपली असेल किंवा फोनच नसतील. संस्था निधीचं आवाहन करताना पिनांनी भरलेला नकाशा दाखवतात आणि देणाऱ्याला वाटतं, पिना दाट तिथे गरज जास्त. गप्प राहिलेली गावं मग पैशातूनही सुटतात. अशा चित्राखाली ‘एवढेच निरोप आमच्यापर्यंत पोहोचले’ असं स्पष्ट लिहायला हवं.

हौशी रेखाटनकारानं आणखी एक मर्यादा ओळखावी. वरून काढलेल्या चित्रात छत दिसतं, त्याखालच्या चिरडलेल्या भिंती दिसत नाहीत. घर कुठे आहे हे सांगता येईल. ते राहण्याजोगं आहे का, हे तिथे जाऊनच कळतं.

नेपाळमध्ये काठमांडू लिव्हिंग लॅब्स या संस्थेनं दोन्ही कामं योग्य क्रमानं केली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाच्या कितीतरी आधीपासून तिचे लोक काठमांडू खोऱ्यातल्या शाळा आणि रुग्णालयं नकाशावर आणत होते. भूकंपानंतर त्यांनी निरोपांचा नकाशाही सुरू केला, तेव्हा पायाखालची जमीन तयार होती. रेड क्रॉस आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांच्या सहभागानं २०१४ मध्ये सुरू झालेला मिसिंग मॅप्स प्रकल्प हेच करतो : संकट येण्याआधीच धोक्यातल्या वस्त्या रेखून ठेवतो. त्यासाठी एक मोकळी संध्याकाळ, संगणक आणि थोडा धीर पुरतो.