पऱ्हाटीला शेजार कसा कळतो

जुलैत पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, चार पानांवर आली की यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतांत तण काढणाऱ्या डवऱ्याचे फेर सुरू होतात. तण पिकाच्या तोंडचे खत-पाणी पळवते हे प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु ही उपासमार सुरू होण्याच्या आधीच पिकाला तणाची चाहूल लागलेली असते, ही गोष्ट मला अधिक विलक्षण वाटते.

हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते, पण त्याच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा अतिलाल प्रकाश बव्हंशी परतवते किंवा आरपार जाऊ देते. त्यामुळे शेजारी तण उगवले की त्याची सावली पडण्यापूर्वीच रोपाभोवतीच्या उजेडात अतिलालाचा वाटा वाढतो. सुमारे 660 आणि 730 नॅनोमीटर तरंगलांबीच्या या दोन प्रकाशांचे प्रमाण फायटोक्रोम नावाचे प्रथिन जोखते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिलच्या शास्त्रज्ञांना ते 1959 मध्ये सापडले. इशारा मिळताच रोप खोड ताणते आणि फांद्या व मुळे यांच्या वाट्याचे अन्न उंचीवर खर्च करते. पुढे निंदण झाले तरी ताणलेले खोड आखूड होत नाही, म्हणून सुरुवातीचे आठवडे इतके मोलाचे असतात.

रानात हीच सवय जीव वाचवते, कारण जे रोप ताणले नाही ते सावलीत राहिले आणि त्याचे बी पुढच्या पिढीत पोहोचले नाही.

भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात या निवडीत माणसाची नजरही शिरते. धानाच्या बांधीत उगवणारे जंगली धान लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही आणि त्याचे दाणे कापणीआधीच झडून मातीत मिसळतात. निंदताना वेगळे दिसेल तेच उपटले जाते, त्यामुळे पिकासारखे दिसणारेच तण दरवर्षी मागे उरते. यावर उपाय म्हणून 20व्या शतकाच्या पूर्वार्धात, भंडारा जिल्हा ज्यात होता त्या मध्य प्रांतात जांभळ्या पानांचे धान पेरून पाहण्यात आले, म्हणजे हिरवे तण लगेच उठून दिसावे. पण जंगली धानाचा पिकाशी संकर होतो. त्यातून जांभळा रंग तणात उतरला आणि हिरवी रोपे माणसानेच उपटल्यामुळे जांभळ्या तणाला मोकळी जागा मिळाली.

रोवण्याचे बळ इथे दिसते. चिखलणी करून तीन-चार आठवड्यांची रोपे लावली की उंचीची आघाडी आधीच धानाकडे असते, आणि मागाहून उगवणाऱ्या तणावर सावली धानाची पडते.